दुकानाच्या सर्व्हरची प्रत गावाबाहेर : सांगलीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती पेठेतली दुकानं, मार्केट यार्डातले अडते, कुपवाड-मिरज एमआयडीसीतले छोटे कारखाने, सीए मंडळी आणि मिरजेतले दवाखाने हे प्रश्न आम्हाला, म्हणजे अशी प्रत बसवून देणाऱ्यांना, विचारतात. एखादा सर्व्हर आणि त्याला जोडलेले पाच-पंचवीस कॉम्प्युटर एवढाच ज्यांचा पसारा आहे, त्यांना डोळ्यासमोर ठेवून उत्तरं दिली आहेत. बँक किंवा साखर कारखाना असेल तर गणित वेगळं.

रोज संध्याकाळी हार्ड डिस्कवर बॅकअप घेतो. एवढ्यानं भागत नाही का?

सर्व्हरची डिस्क गेली, विंडोज उडालं, कुणी चुकून लेजर पुसलं, तर भागतं. पण ती हार्ड डिस्क रात्री कुठे असते? बहुतेक ठिकाणी सर्व्हरच्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, नाहीतर थेट यूएसबीला लटकलेली. शॉर्टसर्किट, चोरी, रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) किंवा कृष्णेचं पाणी, यांतलं काहीही आलं की मूळ आणि प्रत दोन्ही एकदम जातात.

शिवाय एक गोष्ट पूर येऊन गेल्यावरच लक्षात येते. विम्याचा सर्व्हेअर येतो तेव्हा स्टॉक स्टेटमेंट, खरेदीची बिलं, पुराच्या आदल्या दिवसाचा शिल्लक साठा मागतो. माल पाण्यात गेला आणि मालाची यादी ज्या मशीनमध्ये होती तेही पाण्यात गेलं, तर क्लेम कशाच्या जोरावर करणार?

सर्व्हर वरच्या मजल्यावर नेला. आता काय काळजी?

नेला ते उत्तमच केलं. ज्यांनी नेला नसेल त्यांनी हे पान पुढे वाचण्याआधी तेवढं करावं.

पण ऑगस्ट २०१९ आठवा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फूट आहे आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. हरभट रोड, मारुती रोड, वखारभाग, सगळीकडे होड्या. वरच्या मजल्यावरचा सर्व्हर कोरडा राहिला असेलही, पण त्याचा उपयोग काय? पाणी शिरायला लागलं की महावितरण त्या भागाची लाईट बंद करतं, करावीच लागते. यूपीएस अर्धा तास काढतो. जनरेटर सहसा खाली पार्किंगमध्ये, म्हणजे तो सगळ्यात आधी गेलेला. जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत पोहोचायला होडी पाहिजे आणि तुमचा अकाउंटंट घरच्यांना घेऊन छावणीत किंवा पाहुण्यांकडे. डेटा सुखरूप, पण कुलूपबंद.

तिकडे जगाचं काम थांबलेलं नसतं. पुण्याच्या पार्टीला बिल हवं असतं, मिरजेच्या बाहेर अडकलेल्या गाडीचं ई-वे बिल संपत आलेलं असतं, आणि जीएसटीची तारीख पुढे ढकलली जाईल की नाही हे कुणालाच माहीत नसतं. डेटा वाचणं आणि धंदा चालू राहणं या दोन गोष्टी आहेत. वरचा मजला पहिलीची सोय करतो. दुसरीसाठी, जिथे लाईट आणि इंटरनेट चालू आहे अशा ठिकाणी, चालवता येईल अशी प्रत लागते.

गावाबाहेर म्हणजे किती लांब? विश्रामबाग चालेल? मिरज? कोल्हापूर?

अंतरापेक्षा एक प्रश्न विचारा : ज्या कारणानं इथला सर्व्हर बंद पडेल, त्याच कारणानं, त्याच दिवशी, तिथलाही बंद पडेल का?

विश्रामबागचा बराचसा भाग, कुपवाड, मिरजेचा नदीपासून लांबचा भाग उंचावर आहे. पाणी तिथे पोहोचत नाही, पण त्या भागाची वीज आणि इंटरनेटच्या केबली कुठून येतात ते बघायला हवं. तुमच्या दुकानातला आणि विश्रामबागेतल्या घरातला केबलवाला एकच असेल आणि त्याचं मुख्य ऑफिस पेठेत असेल, तर पेठ बुडाली की दोन्हीकडे अंधार. मिरज-कुपवाडचा फायदा असा की पाणी चढायच्या आत तिथे मोटारसायकलवर जाता येतं.

कोल्हापूर कागदावर छान दिसतं, पन्नासेक किलोमीटर. पण पंचगंगा आणि कृष्णा एकाच पावसानं फुगतात. २०१९ ला आणि २०२१ लाही शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. म्हणजे गरज पडेल नेमकं तेव्हा तिथे जाता येणार नाही. (पूर अलमट्टी धरणामुळे की पावसामुळे हा वाद इथे नको, प्रतीच्या दृष्टीनं दोन्हींचा परिणाम सारखाच.)

माझं मत विचाराल तर विटा, आटपाडी, जत. सांगलीत होड्या चालू होत्या त्याच महिन्यात जिल्ह्याच्या पूर्व भागात पाण्याचे टँकर चालू होते. दुष्काळाचा हा एवढाच फायदा, तो घ्यावा. तिथे शाखा, भाऊबंद, भरवशाचा व्यापारी मित्र असेल आणि चांगला यूपीएस बसवायची तयारी असेल तर यापेक्षा सोयीची जागा नाही. कुणीच नसेल तर पुणे-मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्यानं जागा घ्या.

रेप्लिका आणि बॅकअप एकच ना?

नाही, आणि सगळ्यात महागडा घोटाळा इथेच होतो.

रेप्लिका म्हणजे मूळ सर्व्हरची शक्य तितकी ताजी, लगेच चालू करता येईल अशी नक्कल. विंडोज सर्व्हरवरची हायपर-व्ही (एका मशीनमध्ये आभासी सर्व्हर चालवायची सोय) रेप्लिका घेतली तर ती ३० सेकंद, ५ मिनिटं किंवा १५ मिनिटांनी बदल पाठवते. पण जे इथे घडतं ते सगळं तिथे जातं. दुपारी कुणी चुकून अख्खं वर्ष डिलीट केलं तर पाच मिनिटांत तेही नकलेत डिलीट.

बॅकअप म्हणजे काल, परवा, गेल्या महिनाअखेरीला काय होतं याच्या वेगवेगळ्या प्रती. मागे जाता येतं, पण चालू करायला वेळ लागतो.

दोन्ही हव्यात, आणि एकाच मशीनवर दोन्ही जमतात. हायपर-व्ही रेप्लिकात तासातासाचे २४ मागचे टप्पे ठेवण्याची सोय आहे, ती बऱ्याच जणांनी चालूच केलेली नसते. मात्र २४ तास म्हणजे एक दिवस. शनिवारी दुपारी बिघडलेलं सोमवारी सकाळी लक्षात आलं तर तो टप्पा निघून गेलेला असतो. म्हणून दुसऱ्या टोकाला झेडएफएस या साठवणपद्धतीचे स्नॅपशॉट (त्या त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रती) किंवा प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरसारखं काहीतरी हवं : रोजच्या ३० प्रती, महिन्याच्या १२ आणि मार्चअखेरची प्रत कायमची. फक्त बदललेला भागच साठत असल्यानं जागा वाटते तेवढी लागत नाही.

आमचं फोल्डर गूगल ड्राइव्हला सिंक आहे.

वर्ड, एक्सेल, पीडीएफला ठीक. अकाउंटिंगच्या चालू डेटाला नको. सिंक म्हणजे इथे बिघडलं की तिथेही बिघडणं, आणि अर्धवट उघडी फाइल वर गेली तर ती परत उघडेलच याची खात्री नाही.

टॅली चालू असतानाच फोल्डर कॉपी केलं तर चालतं का?

चालल्यासारखं दिसतं, धोका तिथेच आहे. टॅलीचा डेटा म्हणजे कंपनीच्या नंबराचं एक फोल्डर आणि त्यात एकमेकांवर अवलंबून असलेल्या पुष्कळ फाइली. तीन जण व्हाउचर टाकत असताना कॉपी सुरू झाली तर पहिली फाइल सव्वापाचची आणि शेवटची पाच वाजून वीस मिनिटांची. कॉपी पूर्ण झाल्याचा हिरवा टिकमार्क येतो. उघडायला गेलं की डेटा दुरुस्त करा म्हणून पाटी येते, आणि दुरुस्तीत काय गळलं ते कळत नाही.

उपाय दोन. एक, सगळे बाहेर पडल्यावर टॅलीचाच बॅकअप पर्याय वापरायचा आणि ती फाइल बाहेर पाठवायची. दोन, विंडोजची व्हॉल्यूम शॅडो कॉपी वापरणारं सॉफ्टवेअर घ्यायचं. ते एका क्षणाचं चित्र गोठवतं आणि त्या चित्रावरून कॉपी करतं. दुपारीही प्रत हवी असेल तर हा दुसरा मार्ग, पण रात्रीचा पहिला सोडू नये.

एसक्यूएल सर्व्हरवर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) चालणारं बिलिंग किंवा हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर असेल तर डेटाबेसची फाइल उचलायचीच नाही, त्याच्या स्वतःच्या बॅकअप आदेशानं बॅकअप घ्यायचा. फुकटच्या एक्सप्रेस आवृत्तीत वेळापत्रक लावणारा एजंट नसतो. त्यासाठी विंडोजचा टास्क शेड्यूलर लावावा लागतो. सॉफ्टवेअरवाल्यानं तो लावलाय असं सगळे धरून चालतात, म्हणून आज उघडून बघाच.

आणि टॅलीचं लायसन्स. ते त्या मशीनला जोडलेलं असतं. दुसऱ्या ठिकाणी डेटा उघडला तरी लायसन्स नसेल तर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडते, जुनं सगळं दिसतं पण नव्या नोंदी मोजक्याच तारखांना घेता येतात. लायसन्स नव्या मशीनवर चालू करायला सिरियल नंबर आणि नोंदलेला ईमेल लागतो. तो ईमेल चार वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघतो, हे इतक्या ठिकाणी दिसतं की आता नवल वाटत नाही.

आमच्या इंटरनेटवर एवढा डेटा जाईल का?

जाहिरातीतला वेग डाउनलोडचा असतो, तुम्हाला बघायचाय अपलोडचा. समजा खरा अपलोड २० एमबीपीएस मिळतो. म्हणजे तासाला साधारण ९ जीबी. ५०० जीबीचा सर्व्हर पहिल्यांदा पाठवायला अडीच दिवसांच्या आसपास लागतील, तेही दुसरं काही न करता.

म्हणून पहिली प्रत नेटवरून पाठवूच नका. बाहेरचं मशीन आठवडाभर दुकानातच आणून ठेवा, लोकल नेटवर्कवर सगळं भरून घ्या, मग गाडीत घालून विट्याला न्या. त्यानंतर रोज फक्त बदल जातात. पन्नास बिलं आणि चार स्कॅन केलेली पत्रं म्हणजे काही एमबी. आरसिंक (फाइली दुसऱ्या मशीनवर पाठवणारं साधन) काय किंवा झेडएफएस काय, अख्खी फाइल न पाठवता तेवढा बदललेला तुकडाच पाठवतात. रोजचे ५ जीबी बदल धरले तरी वरच्या वेगाला अर्ध्या तासाच्या थोडं पुढे.

सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग मात्र त्यातून वगळा. नेट तुंबलं म्हणून तक्रार आली की निम्म्या वेळा कारण तेच असतं.

तिकडे कसलं मशीन ठेवायचं? जुना पीसी चालेल?

फक्त प्रती साठवायच्या असतील तर जुना पीसी, त्यात दोन नव्या डिस्क एकमेकींच्या नकला करून, आणि यूपीएस. चालतं. पण पुरात त्यावर काम करायचं असेल तर रॅम आणि प्रोसेसर मूळ सर्व्हरच्या निम्म्याला तरी हवेत. पाच जण लांबून एकाच वेळी लॉगिन झाल्यावर जुन्या पीसीचा जीव जातो. डिस्कवर पैसे वाचवू नका, कॅबिनेटवर वाचवा.

केबलवाला पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) देत नाही. मग दोन टोकं जोडायची कशी?

बऱ्याच लोकल कनेक्शनवर हे असतंच, एका आयपीमागे शेकडो गिऱ्हाइकं असतात. वायरगार्डला (दोन ठिकाणं सुरक्षितपणे जोडणारं सॉफ्टवेअर) निदान एका टोकाला पोहोचता येणारा पत्ता लागतो. दोन्हीकडे नसेल तर टेलस्केलसारखी सेवा मध्यस्थी करून जोडून देते. कुठलाही मार्ग घ्या, पण राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं (लांबून सर्व्हर चालवायच्या सोयीचं) पोर्ट इंटरनेटला उघडं सोडू नका. तुमचं दुकान छोटं आहे म्हणून कुणी येणार नाही, असं नसतं. तिकडे माणूस बसलेला नसतो, प्रोग्रॅम दिवसरात्र सगळ्यांची दारं वाजवत फिरत असतात.

रॅन्समवेअर आलं तर बाहेरची प्रतही लॉक होईल का?

सर्व्हरवरून बाहेरच्या मशीनवर लिहिता-पुसता येत असेल, तर होईल. हल्लेखोर आधी बॅकअप शोधतात, मग बाकीचं लॉक करतात.

म्हणून दिशा उलटी ठेवा. दुकानातल्या सर्व्हरनं ढकलायचं नाही, विट्याच्या मशीननं येऊन उचलून न्यायचं. दुकानातल्या सर्व्हरकडे विट्याचा पासवर्डच नसावा. विट्याचं मशीन दुकानाच्या विंडोज डोमेनमध्येही (सगळ्या मशीनना एकच लॉगिन चालणारी व्यवस्था) नसावं. मग लॉक झालेल्या फाइली एक रात्र तिकडे जातीलही, पण आदल्या रात्रीचा स्नॅपशॉट पुसायची ताकद कुणाकडे नसते. भाड्याच्या क्लाउड साठ्यात ऑब्जेक्ट लॉक नावाची सोय असते, ठरलेले दिवस संपेपर्यंत प्रत पुसली जात नाही, ती चालू करून घ्या.

मेहुण्याच्या घरी मशीन ठेवलं तर त्याला आमचे हिशेब दिसतील ना?

एन्क्रिप्शन केलं असेल तर दिसणार नाहीत. मेहुण्यापेक्षा, घर फोडून ते मशीन नेणाऱ्या चोरासाठी हे जास्त गरजेचं. रेस्टिक, बोर्ग ही मोफत साधनं पाठवण्याआधीच डेटा कुलूपबंद करतात.

कुलपाची किल्ली मात्र फक्त सर्व्हरवर ठेवलेली असते, आणि तीच नेमकी पाण्यात जाते. ती हरवली तर ती प्रत कुणालाही, अगदी बनवणाऱ्यालाही उघडता येत नाही. कागदावर लिहून दोन लिफाफ्यांत घाला. एक घरच्या कपाटात, एक सीएंकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. लॉकर पेठेतल्या तळमजल्यावरच्या शाखेत असेल तर त्याचाही विचार करा.

कायद्यानं सक्ती आहे का?

जीएसटी नोंदणी असलेल्यांसाठी सीजीएसटी नियम ५७ सरळ सांगतो की इलेक्ट्रॉनिक नोंदींचा बॅकअप असा ठेवायचा, की अपघातानं किंवा नैसर्गिक कारणानं नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी मुदतीत माहिती परत उभी करता आली पाहिजे. नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायच्या. पुरात गेलं, हे कारण त्या नियमानं आधीच धरून ठेवलंय.

कंपनी म्हणून नोंदणी असेल तर २०२२ च्या दुरुस्तीपासून हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोजच्या रोज, भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. क्लाउड घेताना मुंबई, पुणे किंवा हैदराबादचा भाग निवडलाय ना, ते बघा. भागीदारी आणि एकट्याच्या मालकीच्या धंद्याला हा कंपनी नियम लागू नाही. तुमच्या बाबतीत नेमकं काय, ते सीएंना विचारा.

सगळं नीट चालतंय हे कसं कळणार?

यशस्वी झाल्याचा रोजचा मेसेज पुरावा नाही. मेसेज रोज येत राहतो आणि आत मार्चपासून रिकामं फोल्डर जात असतं, असंही होतं.

दरवर्षी मे महिन्यात, हळदीचे सौदे ओसरल्यावर आणि पाऊस सुरू व्हायच्या आत, एक शनिवार ठरवा. दुकानातला सर्व्हर बंद करा, खरोखर बंद. मग बाहेरच्या प्रतीवरून कालचं शेवटचं बिल उघडा, एका पार्टीचा खातेउतारा काढा, शिल्लक कालच्या छापील कागदाशी जुळवा, एक बिल छापून बघा. प्रिंटर कुठला, हा प्रश्न तेव्हाच पहिल्यांदा पडतो. हे काम आमच्यासारख्यांनी नाही, तुमच्या रोजच्या अकाउंटंटनं करायचं. आम्ही शेजारी बसून घड्याळ बघतो आणि जिथे अडलं ते लिहून घेतो.

पाणी चढायला लागलं की त्या दिवशी काय करायचं?

आयर्विनला किती झालं, हे सांगलीत सगळेच विचारतात. सर्व्हरसाठी त्याच आकड्यांवर कामं बांधून ठेवा. ३० फुटांना आणि कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की बाहेरची प्रत आजची आहे ना ते बघायचं, लिफाफा काढून ठेवायचा. ४० फूट ही इशारा पातळी. त्याआधीच कामकाज बाहेरच्या प्रतीवर हलवायचं.

हलवताना क्रम चुकवू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा, शेवटचे बदल जाऊ द्या, मूळ सर्व्हर बंद करा, मगच बाहेरचा चालू करा. दोन्ही एकाच वेळी चालू राहिले आणि अर्धे लोक इकडे, अर्धे तिकडे बिलं करू लागले, तर एकाच नंबराची दोन बिलं तयार होतात. पाणी ओसरल्यावर चिखल काढणं त्यापेक्षा सोपं.

बंद केल्यावर सर्व्हरमधल्या डिस्क काढून सोबत न्या. कॅबिनेट राहिलं तरी चालेल.

पूर ओसरल्यावर मूळ सर्व्हरवर परत कधी यायचं?

घाई करू नका. वायरिंग आणि अर्थिंग तपासून होईपर्यंत आणि लाईट स्थिर होईपर्यंत बाहेरच्याच प्रतीवर काम चालू ठेवा. परत येताना उलट्या दिशेनं नक्कल करायची, म्हणजे पुराच्या काळातली बिलं इकडे आणायची. घाईत जुना सर्व्हर चालू करून नेहमीची नक्कल सुरू झाली तर जुना डेटा नव्यावर बसतो. म्हणून पुरात बाहेरची प्रत चालू केली की नेहमीचं वेळापत्रक त्याच क्षणी थांबवायचं.

डिस्क भिजली. चालू करून बघू का?

अजिबात नाही. उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर लावू नका, तांदळात पुरू नका. आत गाळ सुकला की तो प्लेटवर चिकटून बसतो. ओलसर असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरी लॅबला पाठवा. तरी डेटा मिळेलच असं नाही आणि बिल तुम्ही बाहेरच्या मशीनवर खर्च केला असता त्यापेक्षा जास्त येऊ शकतं.

तुम्ही बसवून दिलं आणि उद्या फोन उचलला नाहीत तर?

रास्त प्रश्न. काम पूर्ण झाल्यावर आमच्याकडून (किंवा ज्याच्याकडून कराल त्याच्याकडून) एक छापील पान मागा : कुठलं मशीन कुठे आहे, काय कशानं जातं, अॅडमिनचा पासवर्ड, एन्क्रिप्शनची किल्ली, क्लाउडचं खातं कुणाच्या ईमेलवर आणि कुणाच्या कार्डावर आहे. ती सगळी खाती मालकाच्या नावावर हवीत, आमच्या नाही. पान मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.